मदत हवी आहे: हिमाखाली गाडलेला बोया कसा ओळखायचा?

आंतरराष्ट्रीय आर्क्टिक बोया कार्यक्रमाच्या नोंदींवरून मध्य आर्क्टिकचं हिवाळी तापमान पाहतोय. काही बोये (समुद्री बर्फावर ठेवलेली स्वयंचलित मापनयंत्रं) हिमाखाली गाडले जातात आणि हवेऐवजी हिमाचं, बरंच उबदार तापमान सांगतात. आलेख एकदम गुळगुळीत होतो. ईआरए-५ शी (निरीक्षणं आणि संगणकी प्रारूप जोडून तयार केलेली जागतिक हवामान-नोंद) ताडून पाहिलं, पण समुद्री बर्फावर हिवाळ्यात तेच मुळात उबदार दाखवतं. मग पंच कोणाला मानायचं? दिवसरात्रीचा फरक ध्रुवीय रात्रीत नसतोच, त्यामुळे तो नाहीसा झाला का, यावरूनही गाडलेला बोया ओळखता येत नाही. हाताशी फक्त तापमान, वायुदाब आणि स्थान. हिमाची जाडी मोजणारे बोये माझ्या पट्ट्यात नाहीत. २०१९-२० च्या मोझेइक या आर्क्टिक संशोधन मोहिमेत पोलारस्टर्न जहाजाभोवती हवामानयंत्रं आणि बोये दोन्ही होते. त्यांवरून निकष बसवून इतर वर्षांना लावणं योग्य ठरेल का? कुणी केलं असल्यास तापमानाचा चढउतार किती तासांच्या कालखंडात मोजला?