केळीचे बेड सरळ पाडायला ऑटो-स्टिअरिंग कितपत कामाचं?

प्रश्न (चोपडा तालुका):
राम राम मंडळी. सात एकर केळी, सहा बाय पाचवर टिश्यूची रोपं. गेल्या मृगबागेला (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) भाड्याच्या ट्रॅक्टरने बेड पाडले. बांधाजवळ अंतर बरोबर सहा फूट, पण पार टोकाला कुठे साडेपाच, कुठे सात. ठिबकची नळी सरळच अंथरली जाते. ती बेडच्या कडेला गेली आणि पाणी सरीत उतरलं. त्या पट्ट्यातली केळी निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, पंधरा दिवस मागे राहिली. वडील बैलांमागे समोरच्या निंबावर नजर धरून तास टाकायचे, कधी चुकला नाही. तसा ड्रायव्हर आता मिळत नाही. ट्रॅक्टर आपोआप सरळ चालवणारं ऑटो-स्टिअरिंग म्हणतात, ते मोबाइलच्या जीपीएसवर जमेल का?

उत्तर (रावेर):
भाऊ, मोबाइलवर अजिबात नको. मोकळ्या आभाळाखालीही तो दोन-चार मीटर सरकतो, म्हणजे अख्खा बेड गेला. आरटीकेच लागतं, म्हणजे दोन रिसीव्हरचं अचूक जीपीएस. त्यातला एक, बेस, एका जागी स्थिर असतो, तो सॅटेलाइटच्या मापातली चूक काढून ट्रॅक्टरच्या टपावरच्या रिसीव्हरला कळवतो, मग ट्रॅक्टर 2-3 सेंमीत चालतो. बेस लांब असला की दर 10 किमीला साधारण 1 सेंमी चूक वाढते. तुमच्या वडिलांचा निंब म्हणजेच यातली ए-बी लाइन: पहिल्या तासाला या टोकाला ए दाबायचं, त्या टोकाला बी, बाकीचे तास तिला समांतर. स्क्रीनवर 'फिक्स' (सेंमीतली अचूकता) जाऊन 'फ्लोट' (अचूकता ढिली पडली) आलं की ट्रॅक्टर तिथेच उभा करा.

माझे पहिले चार बेड मात्र वाकडेच आले. अँटेना जमिनीपासून अडीच मीटर उंच. एक चाक सरीत उतरून ट्रॅक्टर 2 अंश कलला तरी अँटेना 9 सेंमी बाजूला जाते. सपाट जागेवर उभं करून झुकावाचा सेन्सर जुळवला, तेव्हा कुठे ओळ बसली. हे बसवून देणाऱ्याने सांगायलाच हवं होतं.

उत्तर (यावल):
सातपुड्याच्या पायथ्याला आमचं रान उताराचं. ट्रॅक्टर सरळ जातो, बेडमेकर (बेड पाडायचं अवजार) मागे खाली घसरतो. अवजार जोडायच्या लिंकच्या साखळ्या आवळून घ्या. शेजारी उभी बाग असेल तर पानांआड सॅटेलाइट कमी दिसतात, त्या कडेचे बेड स्वतः मागे चालून बघा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. सात एकरांसाठी विकत घ्यावं?

उत्तर (रावेर):
एकट्याने नको. आम्ही पाच जणांत घेतलं. ए-बी लाइन मात्र जपून ठेवा, पुढच्या कांदेबागेला (पावसाळ्यानंतरची लागवड) नळ्या त्याच जागी येतील. बेस हातभर जरी हलला तरी सगळ्या ओळी तेवढ्याच सरकतात, म्हणून विहिरीच्या कडेला मी सिमेंटचा खुंटा रोवलाय.