मदत हवी आहे : हद्दपारीच्या खटल्यासाठी पैसे नेमके कुठे द्यावेत?

नमस्कार मंडळी, मी कॅलिफोर्नियात लाँग बीचला राहते. इथे कंबोडियन वस्ती मोठी, एका भागाचं नावच कंबोडिया टाउन.

शेजारच्या आजींचा मुलगा थायलंडमधल्या खाओ-इ-दांग या निर्वासितांच्या छावणीत जन्मला, दोन वर्षांचा असताना इथे आला. कंबोडिया त्याने डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. एकोणिसाव्या वर्षी मारामारीत शिक्षा झाली, ती भोगली. आता पंचेचाळिशी, दोन मुली, आणि हद्दपारीचा आदेश. ग्रीन कार्ड होतं, पण १९९६ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जुना गुन्हाही भोवतो, आणि २००२ पासून कंबोडिया अमेरिकेशी झालेल्या करारानुसार अशी माणसं परत घेतो. कंबोडियातल्या ख्मेर रूज या क्रूर राजवटीच्या तावडीतून सुटलेल्या आजी आता रोज दाराकडे बघत बसतात.

इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, हे मला आत्ता कळलं! कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतल्या कलम १४७३.७ खाली जुनी शिक्षा रद्द करून घेता येते म्हणतात, पण त्याला वेगळा वकील.

आम्ही सात-आठ मराठी घरं मिळून काही रक्कम देणार आहोत. थेट त्याच्या वकिलाला द्यावी, तर करात सवलत नाही आणि आमची कंपनीही देणगीइतकीच भर घालणार नाही. एशियन लॉ कॉकससारख्या कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थेला द्यावी, तर ती याच्याच खटल्याला लागेल असं नाही. सीरॅक (SEARAC) ही आग्नेय आशियाई निर्वासितांसाठीची संस्था मुख्यतः धोरणांवर काम करते, तेही हवंच, पण इथे घाई आहे.

कुणी असे पैसे दिलेत का? आणि १४७३.७ चा अनुभव असलेला वकील कसा पारखायचा?