प्लाझ्मासायटोमाला मराठीत काय म्हणायचं?

डिचोलीकर: मंडळी, शब्द हवाय. आमच्या मामाचा आवाज चतुर्थीपासून बसलेला. भजनी माणूस, वय 61, त्यामुळे आरत्यांनी बसला असेल म्हणून ज्येष्ठमध झालं, हळददूध झालं, शेवटी दुर्बीण घातली तर स्वरयंत्रात गुळगुळीत गुलाबी फुगवटा. पहिल्या बायप्सीत नुसती सूज म्हणाले, दुसऱ्यांदा खोलवरचा तुकडा घेतला तेव्हा 'एक्स्ट्रामेड्युलरी प्लाझ्मासायटोमा'. मी कोश बघून मामीला 'रक्तद्रवपेशींचं अर्बुद' सांगितलं तर ती रडायलाच लागली, रक्ताचा कॅन्सर म्हणून. आणि मामा विचारतो, कोविडात लोक द्यायचे तोच प्लाझ्मा काय रे?

स्लाइडवाली: 'रक्तद्रव' हा शब्द आधी काढून टाका हो, कोविडात द्यायचे तो रक्तद्रव, हा तो नव्हे. प्लाझ्मा सेल म्हणजे अँटिबॉडी बनवणारी पेशी, रक्तात ती जवळजवळ फिरतच नाही, हाडांतल्या मज्जेत नाहीतर नाकाघशाच्या अस्तराखाली बसून असते. म्हणून तर वरवरच्या तुकड्यात सापडली नाही, वरचं अस्तर चांगलंच असतं. प्लाझ्मा हा ग्रीक शब्द, अर्थ घडवलेली, साच्यातली वस्तू. पेशीचं नाव वॉल्डेयर या जर्मन शास्त्रज्ञाने दिलेलं, 1875 मधलं. घशातल्या टॉन्सिलांच्या कड्यालाही त्याचंच नाव आहे.

कोशातला किडा: अर्बुद चुकीचं नाही पण. सुश्रुताने न पिकणाऱ्या गाठीलाच अर्बुद म्हटलंय. नुसतं गाठ म्हटलं की आपल्याकडे लोक पोटीस बांधतात.

डिचोलीकर: बरोबर, पण मामी सुश्रुत वाचत नाही :) आणि अर्बुद म्हणजे दहा कोटी पण ना?

स्लाइडवाली: गाठच म्हणा. खरा महत्त्वाचा शब्द 'एक्स्ट्रामेड्युलरी', मज्जेबाहेरची. मायलोमा म्हणजे याच पेशींचा कॅन्सर, पण मज्जेतला, सगळीकडे पसरलेला, ही गाठ एकाच जागी. पण 'एकांडी' हे आपण ठरवायचं नसतं, तपासून ठरतं. मज्जेची सुई, पेट स्कॅन, रक्तलघवीतल्या प्रोटीनचं इलेक्ट्रोफोरेसिस, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन हे सगळं झाल्याशिवाय कोणी तसं म्हणत नाही. मामांचं झालं का?

डिचोलीकर: झालं, सगळं क्लिअर. रिपोर्टात सीडी138 पॉझिटिव्ह आणि 'कप्पा रिस्ट्रिक्टेड' पण आहे, ते काय?

स्लाइडवाली: सीडी138 ही प्लाझ्मा पेशीवरची खूण, म्हणजे पेशीची ओळख पटली. कप्पाचं असं बघा, चित्रशाळेत हाताने केलेले गणपती कधी एकासारखा एक नसतो, साध्या सुजेतल्या प्लाझ्मा पेशी तशा, काही कप्पा काही लॅम्डा, अँटिबॉडीतल्या साखळीचे हे दोन प्रकार. इथे सगळे एकाच साच्यातले निघाले, म्हणजे एकाच पेशीची पिलावळ.

कोशातला किडा: मोनोक्लोनलला 'एकसाची'! प्लाझ्माचा मूळ अर्थही साचाच. घेतला शब्द.

डिचोलीकर: आता रेडिएशन सांगितलंय. विकिरण म्हटलं तर मामाला कळणार नाही.

म्हापश्याची माई: आमच्याकडे 'शेक दिला' म्हणायचे, माझ्या सासऱ्यांच्या वेळी. पण मग लोक गरम पाण्याची पिशवी समजतात.

स्लाइडवाली: 'लाईट घेणे' पण ऐकलंय. या गाठी रेडिएशनला चांगल्या दबतात, साधारण 40 ते 50 ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), रोज थोडं थोडं, चार-पाच आठवडे. छोटी देठाची गाठ असेल तर नुसती काढूनही भागतं. नंतर चेकअप मात्र वर्षानुवर्षं, कारण काहींना पुढे मायलोमा निघतो, हाडातल्या एकांड्या गाठीइतका नाही तरी निघतो.

डिचोलीकर: मामीला सांगितलं, मज्जेबाहेरची एकांडी गाठ. रडं थांबलं. मामाचा प्रश्न वेगळाच, ताळो (आवाज) परत येतलो मरे?

स्लाइडवाली: शेक चालू असताना घसा सोलल्यासारखा होईल, तेव्हा भजनात टाळ घ्या म्हणावं. आवाजाचं तिथल्या डॉक्टरलाच विचारा, मी फक्त स्लाइड बघते.