कूलंटच्या तेलकट पाण्यात बायोडिग्रेडेबल सर्फॅक्टंट टाकायचं का?

भोसरीकर:
मंडळी, आमचं छोटं सीएनसी शॉप आहे एमआयडीसीत (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे जॉब कापतो), खराब झालेलं कूलंट (कापताना थंडाव्यासाठी सोडतो ते तेल-पाणी) आणि जॉब धुतलेलं पाणी एकाच टाकीत जातं, दुधासारखं पांढरं, वर काळा तवंग. एक सप्लायर मागे लागलाय की आमचं बायोडिग्रेडेबल सर्फॅक्टंट (निसर्गात विघटन होणारं साबणासारखं रसायन) ओता, तेल गायब. डेमोत तवंग गेला खरा, पण आमचा ऑपरेटर म्हणतो पाणी आणखीनच पांढरं झालं. घ्यावं का?

ईटीपीवाला:
ऑपरेटरला चहा पाजा आधी 😄 तेल कुठेही गेलं नाही, बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळलंय. लॅबवाले सॉल्व्हंटने तेल ओढून ऑइल-ग्रीस मोजतात, तिथे सगळं बाहेर येणार, आणि नाल्यात सोडायचं तर लिमिट लिटरला 10 मिलिग्रॅम आहे. वर सर्फॅक्टंट स्वतःच सेंद्रिय, म्हणजे सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) फुकटात वाढला. बेल्ट स्किमरने (फिरत्या पट्ट्याला तेल चिकटवून काढणारं यंत्र) तवंग काढा, मग ॲसिडने पीएच 2-3 ला आणून इमल्शन (तेल-पाण्याचं ते दुधाळ मिश्रण) फोडा, वर आलेलं तेल काढून घ्या, मग पीएच वर घेऊन उरलेली घाण खाली बसवायला तुरटी किंवा पॅक (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) मारा. निघालेलं तेल हजार्डस वेस्ट आहे, भंगारवाल्याला देऊ नका.

केमिस्टताई:
बरोबर. बायोडिग्रेडेबल आहे ते सर्फॅक्टंट, तुमचं तेल नव्हे! आणि सहज बायोडिग्रेडेबल ठरवणाऱ्या ओईसीडी 301 चाचणीचा निकष 28 दिवसांत साधारण 60 टक्के विघटन असा आहे, तुमच्या टाकीत पाणी एवढे दिवस थांबतं तरी का. अशा सर्फॅक्टंटची खरी जागा पार्ट्स वॉशरमध्ये, म्हणजे जॉब धुण्याच्या मशीनमध्ये. तिथे सध्या काय वापरता?

भोसरीकर:
कॅनवर नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट लिहिलंय.

केमिस्टताई:
मग ते सर्फॅक्टंट बदला. त्याचं अर्धवट विघटन होऊन नोनिलफिनॉल उरतं, माशांच्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करणारं. पर्याय म्हणून साखरेपासूनचं एपीजी (अल्किल पॉलिग्लुकोसाइड) मिळतं, पण ते नॉनआयॉनिक, म्हणजे चार्ज नसलेलं, ॲसिडला फारसं दाद देत नाही, त्यामुळे पुढे इमल्शन फोडताना त्रास देऊ शकतं. बॅक्टेरियापासून बनणारं रॅम्नोलिपिड हे सर्फॅक्टंट ॲसिडमध्ये आपला चार्ज गमावतं म्हणून तेलही सुटायला मदत होते, पण महाग पडतं बाबा, छोट्या शॉपला परवडेलच असं नाही.

ईटीपीवाला:
सॅम्पल आलं की तुमच्याच तेलकट पाण्यात मिसळून बीकरमध्ये ॲसिड-तुरटी मारून बघा, रात्रभर ठेवा. सकाळी तेलाचा थर वेगळा दिसला आणि खालच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट नीट आला तरच ऑर्डर द्या. सप्लायरला म्हणावं डेमो द्यायचा तर असा दे.