पॉवरपॉइंटमधील पाठांचे टीव्हीवर चालणारे व्हिडिओ कसे करावेत?

प्रश्न — कृष्णाकाठ

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. माझ्याकडे एकाच वेळी तिसरी आणि पाचवी असे दोन वर्ग असतात, म्हणजे तिसरीला गणित शिकवत असताना पाचवीला स्वतःहून करता येईल असे काम द्यावे लागते. गेल्या काही वर्षांत मी पाचवीच्या परिसर अभ्यासासाठी पॉवरपॉइंटमध्ये 14 पाठ तयार केले आहेत. मी शेजारच्या वर्गात असतानाही मुलांना ते पाठ माझ्या आवाजातील निवेदनासह पाहता यावेत, अशी माझी इच्छा आहे. वर्गात लोकवर्गणीतून घेतलेला 43 इंची टीव्ही आहे आणि त्याला पेनड्राइव्ह लावता येतो, परंतु संगणक नाही.

जलचक्राचा पाठ घेऊन मी पहिला प्रयत्न केला. माझ्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंट 2010 आहे. त्यातून व्हिडिओ तयार झाला, पण टीव्हीने ती फाइल उघडलीच नाही. लॅपटॉपवर पाहिली तेव्हा प्रत्येक स्लाइड अवघी 5 सेकंद थांबून पुढे जात होती. बाष्पीभवनाचे बाण मी वर्गात एकेक क्लिक करून दाखवते, ते सगळे भराभर येऊन गेले. नंतर एका नातेवाइकांच्या नव्या संगणकावर व्हिडिओ केला. तो टीव्हीवर चालला, मात्र सगळ्या मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ दिसला. मूळ फाइल जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. 14 पाठांवर पुन्हा श्रम घेण्यापूर्वी योग्य पद्धत समजून घ्यावी, म्हणून विचारते आहे.

उत्तर — चलत्चित्र

ताई, नमस्कार. आपल्या तिन्ही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत, पण सर्वांत जास्त विचार वेळेचा करावा लागेल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

वर्गातील स्लाइड शिक्षकाच्या क्लिकची वाट पाहते, व्हिडिओ कोणाचीही वाट पाहत नाही. त्यामुळे प्रत्येक स्लाइड किती वेळ राहील आणि प्रत्येक बाण नेमका केव्हा येईल, हे आपण आधी नोंदवले नसेल तर पॉवरपॉइंट आपल्या मनाने प्रत्येक स्लाइडला 5 सेकंद देतो. आपल्या बाबतीत तेच झाले. सगळ्या स्लाइडना 20 सेकंद देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण शीर्षकाच्या स्लाइडला 20 सेकंद कंटाळवाणे होतात आणि जलचक्राच्या आकृतीला दीड मिनिटही कमी पडते. योग्य वेळ आपल्या बोलण्यातूनच ठरू शकते. ‘स्लाइड शो’ या टॅबमधील ‘रेकॉर्ड स्लाइड शो’ निवडा, वेळ आणि निवेदन या दोन्ही चौकटींत खूण ठेवा आणि समोर मुले बसली आहेत असे समजून नेहमीप्रमाणे क्लिक करत पाठ शिकवा. आपला आवाज, प्रत्येक क्लिकची वेळ आणि कंट्रोलची कळ आणि माउसचे डावे बटण दाबून धरून माउस फिरवल्यास दिसणारा लाल ठिपका, असे सारे नोंदले जाते. बाण दाखवताना त्या ठिपक्याचा फार चांगला उपयोग होतो, कारण पडद्यासमोर आपला हात नसतो. त्यानंतर व्हिडिओ तयार करण्याच्या खिडकीत नोंदवलेल्या वेळा आणि निवेदन वापरण्याचा पर्याय निवडायला विसरू नका.

आवाज एका सलग फाइलमध्ये न साठता स्लाइडगणिक वेगळा साठतो. म्हणून सातव्या स्लाइडवर चूक झाली तर तेवढ्याच स्लाइडचे निवेदन पुसून, त्या स्लाइडपासून रेकॉर्डिंग सुरू करून ती संपताच थांबता येते. मात्र एक स्लाइड जाऊन दुसरी येत असताना बोललेले शब्द नोंदले जात नाहीत. वाक्य पूर्ण करावे, क्लिक करावे, नवी स्लाइड स्थिर होऊ द्यावी आणि मगच बोलायला लागावे. ही सवय लागेपर्यंत वाक्यांची सुरुवात तुटलेली ऐकू येईल.

आता फॉन्टविषयी. जुन्या मराठी फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो. फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. व्हिडिओ करताना प्रत्येक स्लाइडचे चित्र काढले जाते आणि त्यानंतर फॉन्टची गरज उरत नाही, म्हणूनच टीव्हीवर कोणताही फॉन्ट नसला तरी चालते. परंतु चित्र ज्या संगणकावर काढले जाते तिथे फॉन्ट असलाच पाहिजे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आपल्या लॅपटॉपमधील फॉन्टची फाइल नातेवाइकांच्या संगणकावर बसवून मग व्हिडिओ करणे. पाठ पुढेही वापरायचे असतील तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असणाऱ्या पद्धतीत, आणावा असे मी आग्रहाने सांगेन. फॉन्ट बदलून देणारी साधने मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार यांत त्यांच्याकडून चुका होतात. ‘पर्जन्य’ आणि ‘सांद्रीभवन’ यांसारखे शब्द मुलांसमोर चुकीचे जाऊ नयेत, यासाठी रूपांतरानंतर प्रत्येक स्लाइड डोळ्यांखालून घालावी.

टीव्हीने पहिली फाइल नाकारली याचे कारण तिचा प्रकार. पॉवरपॉइंट 2010 फक्त डब्ल्यूएमव्ही प्रकारचा व्हिडिओ तयार करतो. एमपी4 ची सोय 2013 च्या आवृत्तीपासून आली. नवा संगणक सहज मिळणार असेल तर तिथेच एमपी4 करा. मिळणार नसेल तर आपल्याच लॅपटॉपवर डब्ल्यूएमव्ही करून ती फाइल हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून एमपी4 करून घ्या. त्यात चित्रासाठी एच.264 आणि आवाजासाठी एएसी निवडा, कारण पेनड्राइव्ह लागणारे बहुतेक टीव्ही ही जोडी ओळखतात. एच.265 मुळे फाइल लहान होते, पण जुने टीव्ही ती चालवतीलच याची खात्री नाही.

जाता जाता स्लाइडच्या आकाराकडेही पाहा. 2010 मध्ये नवी फाइल 4:3 प्रमाणात उघडते, त्यामुळे टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. पट्टे राहिले तरी शिकवण्यात अडत नाही. 16:9 प्रमाण करायचे ठरवल्यास ते रेकॉर्डिंगपूर्वी करा आणि ताणली गेलेली चित्रे सरळ करून घ्या.

उत्तर — मुक्तस्रोत

वरील उत्तराशी मी सहमत आहे. ज्यांच्याकडे पॉवरपॉइंट नाही त्यांच्यासाठी थोडी भर घालतो.

मी लिबरऑफिस इम्प्रेस वापरतो आणि माझ्याकडील आवृत्तीत थेट व्हिडिओ तयार करण्याची सोय नाही. स्लाइड स्थिर असतील तर मी आधी पीडीएफ करतो, तिच्या पानांची चित्रे काढतो आणि शॉटकट या मोफत संपादन प्रोग्रॅममध्ये प्रत्येक चित्राखाली त्याचे निवेदन लावतो. पीडीएफमध्ये हालचाल येत नाही, त्यामुळे जलचक्रासारख्या आकृतीसाठी एकेक बाण वाढवत त्याच स्लाइडच्या पाच-सहा प्रती कराव्या लागतात. हे कंटाळवाणे आहे हे मान्य करूनही मी ते सुचवतो, कारण बाण नेमका कोणत्या शब्दावर येईल हे नंतर सेकंदाच्या अंशापर्यंत जुळवता येते. तेवढी मेहनत नको असेल तर ओबीएस स्टुडिओने पडद्याचेच रेकॉर्डिंग करावे. ते मूळ एमकेव्ही प्रकारात ठेवावे, कारण मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतचा भाग वाचतो. नंतर त्याच प्रोग्रॅममध्ये दर्जा कमी न होता काही क्षणांत त्याचे एमपी4 करता येते.

पॉवरपॉइंटची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडणार असाल आणि त्या संगणकावर विंडोजमधील मंगल फॉन्ट नसेल, तर त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट येऊन ओळी लांबू शकतात आणि चौकटीबाहेर जाऊ शकतात. रेकॉर्डिंगपूर्वी ते तपासावे.

उत्तर — निवेदनकक्ष

मी दृष्टिहीन वाचकांसाठी अनेक वर्षे पुस्तके ध्वनिमुद्रित करते, म्हणून आवाजापुरतेच लिहिते. चित्र थोडे अस्पष्ट असले तरी मुले ते पाहतात, पण आवाज नीट आला नाही की त्यांचे लक्ष उडते, आणि तिथे त्यांना सावरायला ताई समोर नसणार.

लॅपटॉपचा अंगभूत मायक्रोफोन शक्यतो वापरू नये, कारण त्याला पंख्याची घरघर आणि माउसची टिकटिक आपल्या आवाजाइतकीच जवळची असते. मोबाइलसोबत येणाऱ्या साध्या इअरफोनचा मायक्रोफोनही त्यापेक्षा चांगला लागतो, फक्त तो कपड्याला घासणार नाही असा धरावा. लॅपटॉपला एकच गोल छिद्र असेल तर तो थेट चालू शकतो. दोन वेगळी छिद्रे असतील तर जोडणीची छोटी वायर घ्यावी लागते. वर्गखोलीच्या रिकाम्या भिंतींमुळे आवाज घुमतो. घरात जिथे गाद्या, गोधड्या आणि कपड्यांचे कपाट आहे त्या खोलीत, पंखा बंद करून, पहाटे किंवा रात्री बसावे.

निवेदन लिहून काढावे, परंतु वाचून दाखवू नये. मी प्रत्येक स्लाइडसाठी स्वतंत्र कागद करते आणि क्लिकच्या जागी तिरकी रेघ मारते, म्हणजे बोलताना हात आपोआप चालतो. मुलांसाठी बोलताना मी मिनिटाला सुमारे 110 शब्दांपुढे जात नाही. त्या हिशोबाने 8 मिनिटांच्या पाठाला जेमतेम 900 शब्द लागतात, आणि हे आधी मोजले तर पाठ लांबत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते. आपण वर्गात प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहता, ती वाट व्हिडिओतही राहू द्या. प्रश्नाची वेगळी स्लाइड करा, ‘वहीत उत्तर लिहा’ असे सांगा आणि 20 सेकंद खरोखर गप्प राहा. रेकॉर्डिंग करताना ते 20 सेकंद फार मोठे वाटतात आणि घाईने पुढे जावेसे वाटते, परंतु चौथ्या बाकावरच्या मुलीला पेन्सिल उचलून लिहायला तेवढा वेळ लागतोच. शांतता संपताना टेबलावर हलकेच दोनदा टकटक करा. त्या खुणेने मुलांची मान पुन्हा टीव्हीकडे वळते.

कृष्णाकाठ

आपणा तिघांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी जलचक्राचा पाठ नव्याने केला आणि काल वर्गात लावला. युनिकोडचे काम मी एकाच पाठापुरते पूर्ण केले आहे. ‘र्‍हास’ आणि ‘पर्जन्य’ हे दोन्ही शब्द खरोखरच बिघडले होते. निवेदन माझ्याच लॅपटॉपवर नोंदवले, 9 मिनिटांचा डब्ल्यूएमव्ही व्हिडिओ 118 एमबीचा झाला आणि हँडब्रेकमधून काढलेली एमपी4 फाइल टीव्हीवर लगेच चालली. प्रश्नानंतरच्या शांततेत मी दारातून पाहिले, तेव्हा बारापैकी नऊ मुले लिहीत होती. उरलेल्या तिघांना 20 सेकंद पुरले नाहीत, म्हणून पुढच्या पाठात 30 ठेवणार आहे.

दोन शंका उरल्या आहेत. टीव्हीच्या यादीत फाइलच्या मराठी नावाऐवजी नुसते चौकोन दिसतात, त्यामुळे मुलांना पाठ शोधता येत नाही. शिवाय गैरहजर मुलांच्या पालकांना व्हॉट्सअॅपवर पाठ पाठवल्यास आकृतीतील लहान अक्षरे पुसट होतात.

चलत्चित्र

हे वाचून फार आनंद झाला.

चौकोन दिसतात कारण टीव्हीच्या स्वतःच्या यादीत देवनागरी अक्षरे नाहीत. तिथे व्हिडिओची चित्र करण्याची युक्ती चालत नाही, म्हणून फाइलला 01, 02, 03 असे आकडेच नाव द्या आणि आकड्यांसमोर पाठांची नावे लिहिलेला कागद टीव्हीशेजारी लावा. आकडा पहिल्या स्लाइडच्या कोपऱ्यातही मोठा लिहा, म्हणजे योग्य पाठ लागला की नाही हे मुलांना लगेच कळेल. तो आकडा अगदी कडेला नेऊ नका, कारण काही टीव्ही चित्राच्या कडा किंचित कापतात.

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबून लहान केली जाते आणि त्यात बारीक अक्षरे जातात. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ या पर्यायातून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते. मग पालकांचा डेटा वाचवण्यासाठी ती आपणच नीट लहान करायला हवी. आपल्या व्हिडिओत चित्र बराच वेळ स्थिर असते आणि एच.264 मुख्यतः दोन चित्रांमधील बदलच साठवते, त्यामुळे इथे भरपूर वाव आहे. हँडब्रेकमध्ये सेकंदाला 10 चित्रे ठेवा आणि आवाज मोनो करून 64 केबीपीएसवर आणा. 9 मिनिटांच्या आवाजाला मग साडेचार एमबीही लागत नाहीत. चित्रासाठी ‘आरएफ’ हा दर्जा ठरवणारा आकडा 22 पासून सुरू करून दोन-दोनने वाढवत जा. आकडा वाढला की फाइल लहान होते. प्रत्येक वेळी फक्त जलचक्राच्या आकृतीचा भाग मोबाइलवर उघडून पाहा आणि ‘सांद्रीभवन’ हा शब्द जिथे वाचता येईनासा होईल त्याच्या आधीचा आकडा कायम ठेवा. टीव्हीसाठीची फाइल वेगळी आणि मोठीच राहू द्या. नोंदवलेल्या निवेदनासह मूळ पॉवरपॉइंट फाइलही जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी एखादी स्लाइड बदलली तर तेवढ्याच स्लाइडचे निवेदन पुन्हा करून नवा व्हिडिओ काढता येईल.