मॉन्सिन्योर ही वेगळी पायरी नाही

ख्रिस्ती धर्मगुरूंच्या उपाध्यांची फादर, मॉन्सिन्योर, बिशप, कार्डिनल अशी जी चढती शिडी मांडली जाते, तिच्यात थोडी गल्लत आहे. कॅथलिक चर्चमध्ये दीक्षेच्या पायऱ्या तीनच: डीकन (प्रीस्टच्या खालची पायरी), प्रीस्ट (म्हणजे धर्मगुरू, ज्याला आपण फादर म्हणतो) आणि बिशप (धर्मप्रांताचा प्रमुख). बाकीचं सगळं एकतर पद, नाहीतर मान. मॉन्सिन्योर हा निव्वळ मान. तो मिळाल्याने धर्मगुरूच्या अधिकारात काडीचाही फरक पडत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये धर्मप्रांतीय धर्मगुरूंसाठी ही खिरापत आवळली. वयाची ६५ वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबायचं. बरं केलं, असं माझं मत.

कार्डिनल म्हणजे पोपचे वरिष्ठ सल्लागार; तीही बिशपच्या वरची दीक्षा नव्हे. बहुतेक कार्डिनल बिशप असतात हे खरं, पण टिमथी रॅडक्लिफ हे इंग्रज धर्मगुरू २०२४ मध्ये कार्डिनल झाले ते बिशप न होताच. त्यांनी तशी सूट मागून घेतली होती.

खरी गंमत अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, पद्धतीत आहे. साधा धर्मगुरू रेव्हरंड, डीन (कॅथेड्रलचा प्रमुख) व्हेरी रेव्हरंड, बिशप राइट रेव्हरंड, आर्चबिशप मोस्ट रेव्हरंड. आर्चडीकन (कारभारात बिशपला मदत करणारा धर्मगुरू) मात्र व्हेनरेबल! कॅथलिकांकडे हीच उपाधी संतपदाच्या वाटेवर असलेल्या मृत व्यक्तीला लावतात. त्यामुळे एखाद्या नावामागे ती दिसली की आधी चर्च कोणतं ते पाहावं, मगच श्रद्धांजली लिहायला घ्यावी.

'फादर' म्हणायला अनेक प्रोटेस्टंट नाखूश असतात, त्यामागे मत्तय २३:९ आहे: पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका. कॅथलिक उत्तरादाखल पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढतात, ४:१५. तिथे पौल स्वतःलाच करिंथकरांचा पिता म्हणवतो.