गुरांचं काय करायचं, तेही सांगा

वर एकांनी लिहिलंय की दरड कोसळते हे माहीत असताना डोंगराखाली राहायचंच कशाला, सरकारने सगळ्यांना हलवावं. हलवायला माझा विरोध नाही. पण कुठे आणि कसं, हे आधी बोला.

पुणे जिल्ह्यातलं माळीण घ्या. ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाव गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. नवं गाव आमडे इथे वसवलं, २०१७ च्या एप्रिलमध्ये घरं ताब्यात दिली आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले. रायगडमधली इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती! १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा झोपलेल्या माणसांना दोष कसला द्यायचा?

आमच्याकडे दर जूनला वाडीवर नोटीस येते: पाऊस वाढला की शाळेत राहायला जा. लोक जातातही. पण शाळेच्या खोलीत म्हैस नेता येत नाही. लावणीचे दिवस, दुभतं जनावर वाडीत. मग घरातलं कुणीतरी संध्याकाळी धार काढायला परत जातं आणि रात्री तिथेच आडवं होतं. याला हट्ट म्हणू नका, घर त्या दुधावर चालतं. निवाऱ्याशेजारी पत्र्याचा गोठा उभारला तरी कितीतरी जण रात्री खाली थांबतील.

आणि पुनर्वसनाची जागा शेतावर चालत जाता येईल इतकी जवळ हवी, भूवैज्ञानिकांनी भर पावसात पाहिलेली हवी. डिसेंबरात कोरडा डोंगर बघून पाणी कुठून फुटतं ते कसं कळणार?